पेरोव्हस्काइट स्फटिकात प्रकाशाने सुटे झालेले प्रभार वेगळे कोण करते?

अमलताश (मूळ धागा)

मी पदव्युत्तर वर्गाला स्थायूभौतिकी शिकवते. सौरघटाचा भाग आला की गेली अनेक वर्षे फळ्यावर एकच चित्र काढते: एका बाजूला पी-प्रकारचे सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला एन-प्रकारचे, दोहोंच्या सांध्यावर मोकळे प्रभारवाहक जवळपास नसलेला अरुंद पट्टा आणि त्या पट्ट्यातले विद्युत क्षेत्र. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली, धन प्रभारासारखी वागणारी रिकामी जागा) यांची जोडी तयार होते आणि हे क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकीकडे व होलला दुसरीकडे नेते, असे त्या चित्राचे स्पष्टीकरण. या वर्षी पेरोव्हस्काइटचे (कॅल्शियम टायटनेट या खनिजासारखी स्फटिकरचना असलेल्या पदार्थांचे) सौरघट शिकवायला घेतले आणि पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, यात पी-एन सांधा कुठे आहे?" तो मला दाखवता आला नाही.

त्यानंतर वाचन केले, पण गोंधळ वाढला. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने मिथिलअमोनियम लेड आयोडाइड हे पेरोव्हस्काइट वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली होती, ती आज प्रयोगशाळेतल्या छोट्या घटांमध्ये २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. या यशाचे कारण कोणी स्फटिकातल्या ध्रुवित प्रदेशांच्या अंतर्गत क्षेत्रात शोधतो, कोणी दोन्ही टोकांच्या थरांमुळे तयार होणाऱ्या क्षेत्रात, तर कोणी म्हणतो की क्षेत्राची मुळी गरजच नाही. तिघेही "अंतर्गत विद्युत क्षेत्र" हाच शब्दप्रयोग करतात, पण तिघांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असावी असे वाटत नाही. जाणकारांनी हे उलगडून सांगावे, ही विनंती.

जुना_सिलिकॉनवाला

मॅडम, प्रश्न उत्तम आहे. मी नोकरीची बरीच वर्षे सिलिकॉनच्या घटांवर काढली, त्यामुळे आधी तुमच्या फळ्यावरच्या चित्राबद्दलच एक कबुली देतो. ते चित्र सिलिकॉनसाठीसुद्धा अर्धेच खरे आहे. सिलिकॉनची चकती साधारण १५० ते १८० मायक्रोमीटर जाड असते आणि क्षेत्र असलेला पट्टा एक मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी रुंद असतो. बहुसंख्य जोड्या या पट्ट्यापासून दूर, जिथे क्षेत्र जवळपास शून्य आहे तिथे जन्मतात आणि निव्वळ विसरणाने (डिफ्यूजनने) भटकत सांध्यापर्यंत पोहोचतात. सांध्याचे खरे काम एका जातीच्या वाहकाला वाट देणे आणि दुसऱ्या जातीच्या वाहकाला अडवणे एवढेच आहे.

"प्रभार वेगळे होणे" या एका शब्दप्रयोगात दोन निराळ्या घटना दडलेल्या असतात. पहिली म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या इलेक्ट्रॉन आणि होलने एकमेकांच्या आकर्षणातून सुटणे. दुसरी म्हणजे सुटल्यानंतर पुन्हा गाठ पडण्याआधी दोघांनी विरुद्ध टोकांना पोहोचणे. पहिल्या घटनेसाठी एक सोपे गणित वर्गात करून घेता येईल. विरुद्ध प्रभारांचे आकर्षण तापमानाच्या हालचालीइतके क्षीण होते ते अंतर, खोलीच्या तापमानाला, ५६ नॅनोमीटर भागिले पराविद्युत स्थिरांक (पदार्थ विद्युत आकर्षण किती पटींनी क्षीण करतो तो आकडा) एवढे येते. सेंद्रिय अर्धवाहकात हा स्थिरांक ३ ते ४ असतो, म्हणून अंतर १६ नॅनोमीटरच्या घरात जाते आणि जोडी सुटता सुटत नाही. तिथे दोन पदार्थांची सीमारेषा लागते. सिलिकॉनमध्ये स्थिरांक जवळपास १२ असल्यामुळे ते पाच नॅनोमीटरपेक्षा कमी भरते. लेड आयोडाइडच्या पेरोव्हस्काइटमध्ये नुसत्या इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद धरला तरी स्थिरांक ६ च्या वर जातो आणि जड आयनांची संथ हालचाल धरली तर तो २५ किंवा त्याहून अधिक होतो. जोडीची बंधनऊर्जा २०१५ च्या चुंबकीय क्षेत्रातील मोजमापात अतिशीत तापमानाला १६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आढळली आणि खोलीच्या तापमानाला ती आणखी कमी आहे. खोलीची उष्णता स्वतःच २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट देते. म्हणजे पहिली घटना घडवायला कोणतेही अंतर्गत क्षेत्र लागत नाही, वैशाखातले ऊनही लागत नाही, साधी खोलीची ऊब पुरते.

आता वाद उरतो तो दुसऱ्या घटनेबद्दल.

नीलपर्ण

जुना_सिलिकॉनवाला यांचा प्रतिसाद नेमका आहे, पण पेरोव्हस्काइट म्हटले की मला आधी ऑक्साइडे आठवतात, कारण स्फटिकाच्या पोटात प्रभार वेगळे होण्याचा इतिहास तिथेच सुरू होतो. १८३९ मध्ये उरल पर्वतातल्या ज्या खनिजाला रशियन अधिकारी पेरोव्हस्की यांचे नाव दिले गेले ते कॅल्शियम टायटनेट. त्याच घराण्यातले बेरियम टायटनेट सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली फेरोइलेक्ट्रिक असते. त्याच्या प्रत्येक घनात (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्यात) मधला टायटॅनियम अणू केंद्रापासून किंचित सरकलेला असतो आणि सगळे घन एकाच दिशेने कललेले असल्यामुळे स्फटिकाला कायमचे ध्रुवण मिळते.

इथेच सर्वांत जास्त लोक घसरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ध्रुवण म्हणजे क्षेत्र नव्हे. एकसंध ध्रुवित स्फटिकाच्या आत धन आणि ऋण टोके शेजारच्या घनांच्या टोकांशी जुळून जातात आणि न जुळलेला प्रभार फक्त दोन पृष्ठभागांवर उरतो. हा पृष्ठप्रभार स्फटिकात ध्रुवणाच्या उलट दिशेचे क्षेत्र निर्माण करतो. बेरियम टायटनेटचे ध्रुवण दर चौरस सेंटिमीटरला २६ मायक्रोकुलोंब असते. स्फटिकाचा स्वतःचा प्रतिसाद बाजूला ठेवला तर त्यातून दर नॅनोमीटरला जवळपास ३० व्होल्ट एवढे क्षेत्र यायला हवे. एवढे क्षेत्र आत उरले असते तर स्फटिकाचे ध्रुवण टिकलेच नसते. प्रत्यक्षात धातूचे विद्युतअग्र (इलेक्ट्रोड), हवेतले आयन आणि स्फटिकातलेच मोकळे वाहक हा पृष्ठप्रभार जवळपास पूर्ण फेडून टाकतात. क्षेत्र उरते ते जिथे ही फेड अपुरी राहते तिथे, म्हणजे अग्रांलगतच्या पातळ थरात किंवा डोमेनच्या (एकाच दिशेने ध्रुवित असलेल्या प्रदेशांच्या) मधल्या भिंतींवर. १९५६ मध्ये चिनोवेथ यांनी बेरियम टायटनेटमध्ये प्रकाशाने निर्माण झालेला विभव नोंदवला, तेव्हा त्यांनीही त्याचे कारण पृष्ठभागाजवळच्या प्रभारथरातच शोधले होते.

परंतु १९७४ मध्ये लिथियम निओबेटवर प्रयोग करणाऱ्या ग्लास आणि सहकाऱ्यांना असे दिसले की एकसंध स्फटिकात, बाहेरून विभव न लावताही, प्रकाश पडत राहील तोवर स्थिर विद्युतप्रवाह वाहतो. (लिथियम निओबेट हा काटेकोर अर्थाने पेरोव्हस्काइट नाही, तो जवळचा नातलग आहे.) याचे कारण क्षेत्रात नाही, तर स्फटिकाला सममिती केंद्र (ज्याच्या दोन्ही विरुद्ध बाजूंना रचना तंतोतंत सारखी दिसते असा बिंदू) नसण्यात आहे. अशा स्फटिकात प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो तेव्हा त्याच्या तरंगाचा मध्यबिंदू त्याच क्षणी अणूंमधल्या अंतराच्या घरातले थोडे अंतर एका ठरावीक बाजूला सरकतो. फॉन बाल्ट्झ आणि क्राउट यांनी १९८१ मध्ये याचे क्वांटम गणित मांडले आणि त्याला सरकप्रवाह म्हणता येईल. उतारावरून पाणी ओघळते तसे हे नाही. लंगडी घालणाऱ्या मुलाने उडी मारावी आणि प्रत्येक वेळी पाय थोडा उजवीकडेच पडावा, तसे आहे. जमीन सपाट असली तरी मूल उजवीकडे सरकतच राहते.

टिंबटिंब

वाचत आहे. एक भाबडा प्रश्न: अशा स्फटिकांत ऊर्जापट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा (बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) कितीतरी जास्त व्होल्टेज मिळते असे ऐकले आहे. पी-एन सांध्यात ते कधीच मिळत नाही. मग आपण हेच घट छपरांवर का लावत नाही?

नीलपर्ण

टिंबटिंब, प्रश्न भाबडा नाही. सांध्याच्या घटात व्होल्टेजची कमाल मर्यादा पट्ट्यांमधल्या ऊर्जा-अंतराने ठरते. सरकप्रवाहाचा स्फटिक मात्र ठरावीक प्रवाह ढकलणाऱ्या पंपासारखा वागतो. बाहेरची वाट बंद केली की ढकललेले प्रभार टोकांना साठतात, त्यांचे उलटे क्षेत्र वाढत जाते आणि स्फटिकाच्या स्वतःच्या वहनातून होणारी गळती ढकललेल्या प्रवाहाएवढी झाली की व्होल्टेज स्थिरावते. त्यामुळे हे व्होल्टेज स्फटिकाच्या लांबीबरोबर वाढते आणि पदार्थ जितका वाईट वाहक तितके जास्त मिळते. दु:ख असे की चांगले व्होल्टेज देणारा पदार्थ म्हणजे व्यवहारात विद्युतरोधकच असतो आणि प्रवाह नगण्य मिळतो. शिवाय बेरियम टायटनेटचे ऊर्जा-अंतर ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर आहे, म्हणजे दृश्य प्रकाश त्यातून जवळपास न शोषता आरपार जातो. बिस्मथ फेराइट या दुसऱ्या फेरोइलेक्ट्रिक पेरोव्हस्काइटमध्ये ते २.७ च्या आसपास आहे, तेही सूर्यप्रकाशासाठी जास्तच. छपरावर लावण्याजोगी ही वस्तू नव्हे.

भिंतीवरचा_कोळी

माझे टोपणनाव पाहता डोमेनच्या भिंतींचा विषय मीच काढायला हवा.

बिस्मथ फेराइटवर २०१० मध्ये बर्कलीच्या गटाने जे मांडले ते नीलपर्ण यांच्या पंपापेक्षा वेगळे होते. त्यांच्या पातळ पटलात ध्रुवणाची दिशा ७१ अंशांनी बदलणाऱ्या भिंती एकामागोमाग एक समांतर ओळीत होत्या. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक भिंतीवर ध्रुवणाचा भिंतीला लंब असलेला घटक किंचित बदलतो, म्हणून तिथे विभवाची सुमारे १० मिलिव्होल्टची पायरी तयार होते. पायरी इवलीशी असली तरी भिंतीची जाडी अवघी दोनेक नॅनोमीटर असल्यामुळे तिथले क्षेत्र दर सेंटिमीटरला ५० किलोव्होल्टपर्यंत जाते, आणि जोडी फुटते ती तिथेच. अशा शंभर भिंती एकामागे एक आल्या की एक व्होल्ट जमतो, हजार आल्या की दहा. घाटातल्या शेतीच्या पायऱ्यांसारखे चित्र डोळ्यांसमोर आणावे: प्रत्येक बांध गुडघाभर उंच, पण पायथ्यापासून माथा मात्र कितीतरी वर.

चित्र इतके देखणे होते की अनेकांनी ते तसेच स्वीकारले. पण २०१३ मध्ये जर्मनीतल्या हाले येथील गटाने त्याच पदार्थात भिंतींना लंब आणि समांतर अशा दोन्ही दिशांनी, निरनिराळ्या तापमानांना मोजमापे केली. मोठे व्होल्टेज भिंती ओलांडाव्या न लागणाऱ्या दिशेतही मिळाले आणि तापमान उतरवून वहन कमी केले तसे ते वाढले. याचा अर्थ व्होल्टेज मुख्यतः स्फटिकाच्या पोटातल्या सममितीच्या अभावातून येत होते, आणि भिंती प्रकाशात अधिक वाहक होत असल्यामुळे उलट गळती वाढवत होत्या. माझ्या मते हा निकाल भिंतींच्या पक्षाला जड गेला, जरी तो पक्ष माझा स्वतःचा असला तरी.

अमलताश

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पण ही सारी ऑक्साइडांची कथा झाली. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न लेड आयोडाइडच्या घटाविषयी होता. त्यातही मिथिलअमोनियमचा रेणू द्विध्रुवी आहे, त्यामुळे त्यालाही कायमचे ध्रुवण असावे, असे काही ठिकाणी वाचले.

आर्द्रा

अमलताश मॅडम, हा तर्क २०१४ च्या सुमारास फार लोकप्रिय होता. द्विध्रुवी रेणू ओळीने उभे राहून लहान लहान ध्रुवित प्रदेश बनवतात आणि त्यांच्या सीमांवरून इलेक्ट्रॉन आणि होल आपापल्या स्वतंत्र मार्गिकांतून, एकमेकांना न भेटता, धावतात अशी कल्पना होती. त्याला फेरोइलेक्ट्रिक महामार्ग असे नावही पडले. कल्पना मोहक आहे, पण ती मिथिलअमोनियमच्या द्विध्रुवाच्या आधारावर उभी आहे आणि तो आधार तीन बाजूंनी डळमळीत आहे.

पहिली बाजू म्हणजे खोलीच्या तापमानाला हा रेणू एका जागी टिकत नाही. तो काही पिकोसेकंदांत दिशा बदलतो. दुसरी बाजू मोजमापांची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डी. डी. सरमा यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला, की हा स्फटिक ध्रुवी आहे काय, आणि प्रकाशाची वारंवारता दुप्पट होते का हे तपासून व ध्रुवणाचे वळसे (क्षेत्र उलटसुलट केल्यावर ध्रुवण मागे रेंगाळते का, ते दाखवणारे आलेख) मोजून नकारार्थी उत्तर दिले. सूक्ष्मदर्शकाच्या टोकाखाली पट्टेदार प्रदेश दिसतात हे खरे, परंतु त्यांचा मोठा भाग फेरोइलॅस्टिक, म्हणजे ताणामुळे झालेल्या जुळ्या रचनेचा आहे. यावर अजून मतभेद आहेत हे मान्य करते. तिसरी बाजू मला सर्वांत निर्णायक वाटते. मिथिलअमोनियमच्या जागी गोल, द्विध्रुवरहित सीझियम घातला किंवा अगदी क्षीण द्विध्रुव असलेला फॉर्मअमिडिनियम घातला, तरी वाहकांचे दीर्घ आयुष्य टिकून राहते. आजचे उत्तम घट फॉर्मअमिडिनियमप्रधानच आहेत. द्विध्रुव काढून टाकल्यावरही काम चालत असेल तर कामाचे श्रेय द्विध्रुवाला देता येत नाही.

दोन्ही टोकांच्या थरांमुळे येणाऱ्या क्षेत्राचे काय, तर पाचशे नॅनोमीटर जाड थरावर एक व्होल्ट धरला तर ते दर सेंटिमीटरला २० किलोव्होल्ट होते. कागदावर ते भरभक्कम दिसते. पण या स्फटिकात आयोडाइडच्या रिकाम्या जागा चालत असतात. २०१५ मधील अभ्यासात त्यांच्या स्थलांतराची उंबरठा-ऊर्जा सुमारे ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघाली, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्या सेकंद-मिनिटांच्या काळात सरकू शकतात. दर घन सेंटिमीटरला १ वर १८ शून्ये एवढ्या फिरत्या रिकाम्या जागा मानल्या आणि पराविद्युत स्थिरांक २५ धरला, तर क्षेत्र झाकले जाण्याचे अंतर जेमतेम ६ नॅनोमीटर येते. म्हणजे घट अंधारात निवांत पडला असताना सगळे क्षेत्र दोन्ही कडांच्या पातळ पापुद्र्यांत जाऊन बसते आणि मधल्या जवळपास सगळ्या थरात उतार उरतच नाही. व्होल्टेज वाढवत नेताना आणि कमी करत आणताना प्रवाहाचे वक्र वेगवेगळे येतात, ही सर्वांची डोकेदुखी, मुख्यतः याच संथ आयनांची करणी आहे.

तरीही घट चालतो, कारण वाहकांना घाई नाही. २०१३ मध्येच क्लोराइडमिश्रित पटलात विसरणाचे अंतर एक मायक्रोमीटरपेक्षा जास्त आढळले होते आणि थराची जाडी त्याच्या निम्मीच असते. भटकत भटकत काठाला पोहोचायला वेळ पुरतो. काठावर टिन ऑक्साइडसारखा थर इलेक्ट्रॉनला आत घेतो आणि होलला परत पाठवतो, दुसऱ्या काठावर याच्या उलट. यात ओढणारा कोणी नाही, फक्त दारावरचे दोन चोख राखणदार आहेत.

जुना_सिलिकॉनवाला

आर्द्राताई, राखणदारांची उपमा मी उचलत आहे, पुढच्या व्याख्यानात वापरीन. एकच पुरवणी. वाहक गोळा करण्यास विसरण पुरते, हे थर चांगला असेल तेव्हा खरे. थर जुना झाला, दोष वाढले आणि विसरणाचे अंतर जाडीपेक्षा कमी झाले की मग क्षेत्र उरले आहे की आयनांनी गिळले आहे, याला जीवनमरणाचे महत्त्व येते.

भिंतीवरचा_कोळी

आर्द्रा यांच्या मांडणीशी मी सहमत आहे, पण भिंतींना इतक्या सहज मोडीत काढू नये. ज्या स्फटिकाच्या पोटात ध्रुवण नाही त्याच्या भिंतीतही ध्रुवण असू शकते. कारण असे, की जुळ्या रचनेच्या भिंतीत एका प्रदेशाचा ताण संपून दुसऱ्याचा सुरू होतो, म्हणजे काही नॅनोमीटरमध्ये ताण झपाट्याने बदलतो. ताण एकसारखा असेल तर सममिती केंद्र टिकते, पण ताणाला उतार असेल तर ते मोडते आणि ध्रुवण उपजते. याला फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात आणि तो प्रत्येक विद्युतरोधकात थोडाबहुत असतोच. कॅल्शियम टायटनेटच्या जुळ्या भिंतींमध्ये टायटॅनियम अणू केंद्रापासून सरकलेले आहेत, हे २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष दिसले. ज्या खनिजाने या घराण्याला नाव दिले, त्याच्याच भिंती ध्रुवी निघाल्या, ही मला फार गोड योगायोगाची गोष्ट वाटते.

हॅलाइडांच्या (आयोडाइड, ब्रोमाइड असलेल्या पेरोव्हस्काइटांच्या) एकस्फटिकांतही असेच घडते, असे अलीकडे ऑस्ट्रियातील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेच्या गटाने मांडले आहे. त्यांनी स्फटिकात चांदीचे आयन शिरवले. ते भिंतींच्या वाटेने जमले आणि धातुरूप झाल्यावर भिंतींचे जाळे डोळ्यांना दिसू लागले. रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून चित्र घ्यावे तसा हा प्रकार आहे. भिंतीतले क्षेत्र इलेक्ट्रॉन आणि होलला भिंतीच्या दोन बाजूंना ठेवते, त्यामुळे त्यांची पुन्हा गाठ पडायला वेळ लागतो आणि ते लांबवर जाऊ शकतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आर्द्रा

ते काम मीही वाचले. मोठ्या एकस्फटिकासाठी ते पटण्याजोगे आहे. शेकडो मायक्रोमीटर चालायचे असेल तर इलेक्ट्रॉन आणि होलला वेगळे ठेवणारे काही तरी लागणारच. पण अर्ध्या मायक्रोमीटरच्या पटलात, जिथे पटलातला प्रत्येक स्फटिककण स्वतःच काही शे नॅनोमीटरचा असतो, तिथेही श्रेय भिंतींनाच द्यायचे की नाही, याबद्दल मी हात आखडता घेईन. चालणारे आयन भिंतींनाही झाकू शकतात.

अमलताश

आता उलगडा होत आहे. आमच्या प्रयोगशाळेत मिथिलअमोनियम लेड ब्रोमाइडचे नारिंगी एकस्फटिक वाढवणे शक्य आहे, कारण डायमिथिलफॉर्मअमाइडमधले द्रावण तापवले की विद्राव्यता कमी होऊन ते बाहेर पडतात आणि त्याला महागडी साधने लागत नाहीत. (शिशाचे संयुग आहे, त्यामुळे हातमोजे आणि वायुनिकास कपाट अनिवार्य राहील.) बाहेरून विभव न लावता प्रकाश टाकला आणि प्रवाह वाहिला, तर तो कोणत्या यंत्रणेचा हे विद्यार्थ्यांना कसे ओळखता येईल?

नीलपर्ण

मॅडम, सर्वांत आधी दोन्ही अग्रे एकाच धातूची आणि एकाच पद्धतीने बसवलेली ठेवा, अन्यथा अग्रांमधला फरकच तुम्ही मोजत बसाल. चांदी टाळा, ती हॅलाइडाशी अभिक्रिया करते. सोने किंवा कार्बन बरा. मग रेषीय ध्रुवित प्रकाश (एकाच दिशेत कंप पावणारा) घेऊन त्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा हळूहळू फिरवा. सरकप्रवाह या कोनाच्या दुपटीच्या लयीत कमी-अधिक होतो. अग्रालगतच्या क्षेत्रामुळे आलेला प्रवाह, परावर्तनातला किरकोळ फरक सोडला तर, कोनाची फारशी दखल घेत नाही. तुमचा ब्रोमाइड खोलीच्या तापमानाला घनाकृती आहे आणि आदर्श स्थितीत त्याला सममिती केंद्र आहे, त्यामुळे पोटातला सरकप्रवाह शून्य यायला हवा. न आल्यास ताण किंवा भिंती यांच्याकडे पाहावे लागेल.

जुना_सिलिकॉनवाला

आणि प्रकाश एका अग्राजवळ पडतो आहे की बरोबर मध्ये, हे दर वेळी वहीत नोंदवा. एका पृष्ठभागाजवळच जोड्या दाट झाल्या आणि इलेक्ट्रॉन होलपेक्षा चपळ असले (किंवा उलट), तर चपळ मंडळी पुढे निघून जातात, मागे पडलेल्यांशी त्यांचे अंतर पडते आणि विभव दिसू लागतो. याला डेंबर परिणाम म्हणतात. त्याला आधीपासून असलेले कोणतेही अंतर्गत क्षेत्र लागत नाही, आणि आमच्या काळी निदान दोन जणांनी त्यालाच नवा शोध समजून आनंद साजरा केल्याचे मी पाहिले आहे. स्फटिक उलटा करून, प्रकाश मात्र मांडणीच्या आधीच्याच बाजूला टाकून पुन्हा मोजा. प्रवाहाची दिशा स्फटिकाबरोबर फिरली तर कारण स्फटिकात आहे. न फिरता प्रकाशाच्या जागेशीच बांधलेली राहिली तर ते डेंबरचे किंवा तापमानातल्या फरकाचे असण्याची शक्यता जास्त.

अमलताश

दोन्ही सूचना उतरवून घेतल्या. पहिले स्फटिक हाती आले की कोनाचा आलेख याच धाग्यावर टाकते. त्या विद्यार्थिनीला फळ्यावर आज दोन राखणदार काढून दाखवले. तिचा पुढचा प्रश्न तयार होता: "मॅडम, मग राखणदारांच्या आतल्या पापुद्र्यात क्षेत्र किती?" त्यासाठी आर्द्राताईंचे सहा नॅनोमीटर वर्गातच पुन्हा मोजावे लागणार आहेत.